शनिवारवाड्याचा मंगळवार

महोदय,

शनिवारवाड्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. १० जानेवारी १७३० या तारखेला मोबाइलच्या कॅलेंडरात मंगळवार दिसतो, तेव्हा शनिवारी पायाभरणी झाल्याची गोष्ट मागाहून जुळवलेली असावी, हा पहिला. आणि जिथे आज दगडच दगड दिसतो त्या वाड्याला मी ‘सागवानी’ म्हटले, हा दुसरा.

आपल्याला दिसलेला मंगळवार खरा आहे. खुलासा करायचा राहिला तो माझ्याकडून. मोबाइल आजची ग्रेगोरियन गणना सरसकट मागे नेतो, पण इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली आणि त्यापूर्वीच्या मराठी इतिहासातील तारखा आपल्याकडे बहुधा जुन्या, ज्यूलियन गणनेने दिल्या जातात. (राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही त्याच गणनेतली.) अठराव्या शतकात या दोन गणनांत ११ दिवसांचे अंतर होते. त्यामुळे पायाभरणीसाठी कॅलेंडरात २१ जानेवारी १७३० पाहावी, म्हणजे शनिवार सापडेल. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीखही २ फेब्रुवारीवर सरकवून पाहा, तोही शनिवारच. माघ शुद्ध तृतीया ही पायाभरणीची तिथी लेखात आधी दिली असती, तर हा घोळ झालाच नसता.

आता दगडाविषयी. १८२८ च्या आगीत जळण्यासारखे होते ते जळाले आणि उरले ते आपण पाहिले. पुण्यातील इतर वाड्यांप्रमाणे इथेही घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखडे (खांब टेकवायचे दगड), तळखड्यांवर सागवानी खांब आणि खांबांच्या माथ्यावर तुळया अशी रचना होती. मजल्यांचा भार मुख्यतः लाकडावर होता. आज आपण ज्या चौथऱ्यांवरून हिंडतो ती केवळ जोती आहेत. लाकूडकामाची थोडी कल्पना यायची असेल, तर दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात जाऊन वर पाहावे. तटाला मात्र खाली दगड आणि वर वीट आहे. दगडी बांधकामाला साताऱ्याच्या शाहू महाराजांनी हरकत घेतल्यामुळे वर विटा आल्या, ही लोकप्रिय कथा मी मुद्दामच घेतली नव्हती. दगडावर वीट चढवायला त्या काळी एवढ्या मोठ्या कारणाची गरज पडत नसे.

तरीही, ‘दगडी जोत्यावरचा सागवानी वाडा’ असे लिहिले असते तर आपला दुसरा आक्षेप उद्भवला नसता. तारखेपुढे ‘जुनी गणना’ हे शब्द आणि ही दुरुस्ती आज लेखात केली आहे.