प्रोबेशन संपलं, उताऱ्यावरचा बोजा राहिला

प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर मिळालेली मोकळीक, नीट निभावलं, पण कोर्टाचे पैसे थकले. अशा माणसाला मोकळं करावं की नाही? कर्नाटकाच्या सीमाभागातल्या खानापूर-निपाणीकडच्या या वादात "अमेरिकेसारखं कडक हवं" असं हमखास ऐकू येतं. अमेरिकेत राहून ते ऐकवत नाही.

इथे जामीन हा धंदा आहे. बहुतेक राज्यांत रकमेच्या साधारण १० टक्के एजंटाला द्यायचे. निर्दोष सुटलात तरी ते परत मिळत नाहीत. त्याचे हप्ते थकले तर तो खासगी करारातला दावा, प्रोबेशनपासून वेगळा. पीडिताची भरपाई थकली तर मात्र अनेक ठिकाणी प्रोबेशनची मुदत वाढवता येते. घेण्यासारखी गोष्ट एकच. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९८३ च्या बेअर्डन निकालापासून, ऐपतच नसलेल्याचं प्रोबेशन नुसते पैसे थकले म्हणून मोडता येत नाही. 'जमत नाही की देत नाही' हे आधी तपासावं लागतं.

आपल्या १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात कलम ४ चा मुचलका (लेखी हमी) फार तर तीन वर्षांचा. कलम ५ ची भरपाई दंडासारखी वसूल होते, म्हणून मुदत संपली तरी ती फिटत नाही. पण जास्त हाल होतात जामीन राहिलेल्याचे. माझ्या मामाच्या पहाणीवर (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कन्नडमधली एकच ओळ: खटल्याचा नंबर आणि रक्कम. असा बोजा चढला असेल तर निकालानंतर तो आपोआप उतरेल असं धरून चालू नका. कोर्टात जामीनमुक्तीचा अर्ज द्या, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, ती तहसीलदार कचेरीत देऊन पोच घ्या आणि नवा उतारा काढून स्वतः बघा. नाहीतर ऐन पेरणीत पीककर्ज अडतं. मुचलका जप्त झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४९१ खाली रक्कम कमी करून मागता येते. हे फार थोडे लोक मागतात.

आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचा मेव्हणा सातबारा घेऊन बेळगावच्या कोर्टात उभा राहिला, तर 'जामीनदार इथलाच हवा' का? मोतीराम या गवंड्याला १०,००० चा जामीन सांगून, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो भाऊ नाकारला होता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं आणि १,००० च्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. सीमाभागातल्या वकिलांनी जामीन अर्जातच हा निकाल लावावा, मेव्हण्याला परत पाठवल्यावर नव्हे.