संजना म्हणू नका तिला

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तर पुढे जा.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी एक फोटो आला. नात्यातल्या एका मुलाचं दुसरं लग्न झालं, त्याचा. पहिलीशी रीतसर घटस्फोट झालाय, ही मुलगी त्यानंतर वर्षभराने भेटली. फोटोखाली एका ज्येष्ठ बाईंनी लिहिलं, "आली का आमच्याकडे पण संजना!" आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची ही मोठी रांग. गंमत म्हणजे त्या मुलीला कालच ग्रुपमध्ये घेतलंय. तिनं वाचलं. पाच मिनिटांनी तिनंही लिहिलं, "हाहा".

त्या "हाहा"ने माझा दिवस खाल्ला.

ज्यांना माहीत नाही (असं कुणी माझ्या यादीत असेल असं वाटत नाही) त्यांच्यासाठी सांगते, संजना म्हणजे 'आई कुठे काय करते' या टीव्ही मालिकेतली. डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024, जवळजवळ पाच वर्षं ही बाई आपल्या घरात राहून गेली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अरुंधतीला कळतं की नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण आहे, तिथून सगळं सुरू. माझी आई साडेसातला टीव्हीसमोर बसायची आणि संजना दिसली की "आली भवानी" म्हणायची. मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू?

पण मला संजना बघताना कायम आमची नवी काकू आठवायची, आणि हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

काकांनी मोठ्या काकूला सोडून हिच्याशी लग्न केलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. मोठी काकू दोन्ही मुलं घेऊन माहेरी गेली, भांडी मात्र इथेच राहिली. त्या काळी प्रत्येक भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. डबे, पातेली, वाट्या, तांब्या, सगळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मोठ्या काकूचं नाव. एका दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर नवी काकू खाली बसलेली, मांडीत डब्याचं झाकण, हातात पॉलिश पेपर, आणि घासतेय. नाव जाईना. झाकणावर नुसता करडा डाग पडला आणि डागात ठिपके तसेच. मला बघून म्हणाली, "काय बघतेस? जा." पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या जागी कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर लिहिलेलं, "रवा".

आता मला सांगा, संजना वेगळं काय करत होती? समृद्धी बंगल्यात ती लग्न करून आली, पण त्या घराच्या भिंतीभिंतीवर अरुंधतीचं नाव. पोरं अरुंधतीची, सासू-सासऱ्यांना सवय अरुंधतीची, घराची घडी अरुंधतीनं बसवलेली. आणि ज्याच्यासाठी ही पहिल्या नवऱ्याचा, शेखरचा, संसार मोडून आली, तो अनिरुद्ध अरुंधतीच्या आयुष्यात आशुतोष आल्यावर जळफळायला लागला, म्हणजे याचंही लक्ष तिकडेच! मग ती चिडणार नाही, टोमणे मारणार नाही, कट करणार नाही तर काय करेल? ज्या माणसानं पंचवीस वर्षांच्या बायकोला फसवलं तो आपल्यालाही फसवू शकतो, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? ती स्वतःच साक्षीदार आहे की त्याची.

हो, मान्य. तिला माहीत होतं तो लग्न झालेला आहे, आणि अरुंधतीशी ती वाईटच वागली. झालं? लिहिलं मी.

पण राग येतो तो याचा की पाच वर्षं आपण शिव्या कुणाला दिल्या, तर संजनाला. "अनिरुद्ध आला वाटतं आपल्याकडे" असं लग्नाच्या फोटोखाली कुणी लिहिलंय का कधी? आमच्या त्या ग्रुपवर निदान दोन अनिरुद्ध आहेत, रोज सकाळी सुविचार टाकतात आणि आपण त्यांना नमस्काराचे हात पाठवतो. (कोण ते विचारू नका, ते हे वाचतायत.)

काकांचंही तेच. पंगतीला पहिला पाट काकांचा. आत्या त्यांना आग्रह करकरून वाढायची आणि नवी काकू वाढायला आली की ताटावर हात आडवा. काकांना एक शब्द कुणी बोललं नाही. उलट चार-पाच वर्षांत काकाच जेवताना सुरू झाले, "तिच्या हातच्या आमटीची चव वेगळी होती." नवी काकू तिथेच उभी असायची, पळी हातात घेऊन.

पाहुणे गेले की ती चमचे मोजायची. खरंच मोजायची, मोठ्यानं, आम्हाला ऐकू जाईल असं. आम्ही चुलत-आते भावंडं तिची नक्कल करायचो. सगळ्यात भारी नक्कल माझी व्हायची. मोठी माणसं तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "पुन्हा कर गं." तिनं एकदा दारातून पाहिलं. काही बोलली नाही, परत आत गेली. तेव्हा मला वाटलं, बघा कशी घुमी आहे.

इतके दिवस मी समजत होते की ती कंजूष होती. आज लिहिता लिहिता वाटतंय की तिला त्या घरात काय आपलं आहे हेच कळत नसावं, म्हणून जे मोजता येईल ते ती मोजत होती.

बरं, संजनाचं नशीब बघा. आपली जागा कुणीतरी घेईल या भीतीत जगणारी बाई, आणि 2020 च्या लॉकडाऊननंतर तिची नटीच बदलली! दीपाली पानसरे गेली, रुपाली भोसले आली, आणि चार दिवसांत आपल्याला सवयसुद्धा झाली. मला दोघी आवडल्या, पण रुपालीच्या डोळ्यांत ते जास्त दिसायचं. घरातले सगळे हसत असले की ही आधी एकेकाचा चेहरा बघायची, मग हसायची. हसू आपल्यावर तर नाही ना, याची खात्री करून.

मालिकावाल्यांवरही माझा राग आहे. एक दिवस तिला रडवायचं, दुसऱ्या दिवशी भुवया उडवत बॅकग्राउंडला ढॅण ढॅण. बंगालीत 'श्रीमोयी', मग आपली, मग हिंदीत 'अनुपमा', कितीतरी भाषांत हीच कथा चालली. सगळीकडे पहिली बायको मोठी होत गेली ते उत्तमच, अरुंधतीसाठी मी पण टाळ्या वाजवल्यात, मधुराणी प्रभुलकरचं काम डोळ्यांत पाणी आणायचं. पण तिला उंच करायला दुसरीला दर आठवड्याला खड्ड्यात घालायलाच हवं का? असो. टीआरपीचं आपल्याला काय कळतंय.

मोघम बोलत नाही, आज त्या ग्रुपवर मी लिहिलं, "ती आपली सून आहे, तिला नावानं हाक मारूया." निळ्या टिका झाल्या. उत्तर कुणाचंच नाही. मग एकानं उन्हाळ्यात माठातलं पाणी का प्यावं याचा व्हिडिओ टाकला आणि सगळे त्यावर बोलायला लागले. त्या मुलीनं मात्र मला एकटीला नमस्काराचे हात पाठवले. मी काय उत्तर देऊ कळेना, तर मीही हातच पाठवले.

संध्याकाळी नव्या काकूला फोन केला. तीसेक वर्षं झाली, काका जाऊनही सात वर्षं झाली, अजून आम्ही तिला "नवी"च म्हणतो. तोंडावर नुसतं काकू. त्या झाकणाबद्दल बोलायचं होतं. नकलेबद्दल तर नक्कीच बोलायचं होतं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता वाटलं, तर म्हणाली टीव्ही नाही गं, नातवानं मोबाइलवर 'आई कुठे काय करते' लावून दिलंय, पहिल्यापासून बघतेय.

मी विचारलं, "संजना आवडते का तुला?"

"शी! ती कसली आवडतेय? सटवी मेली," म्हणाली. मग जरा थांबून, "पण त्याला तरी कळायला नको होतं का गं? अरुंधतीसारखी बाई हातची घालवली मेल्यानं."

मी हो म्हणाले आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.