दोन मिनिटांचं इंजिन

दिवाळीत काकाकडे मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड आणि आमचे नातेवाईक. काकाची छोटी फायबरची होडी आहे, मागे लावायची ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मशीन, पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली झोपलेली. मी पुण्यात बाईकचा प्लग स्वतः बदलतो म्हणून मला सगळं कळतं असा माझा समज, आणि दुर्दैवाने काकाचाही.

तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल, म्हणजे ५० ला १, हे गणित मीच सांगितलं आणि मिसळलंही मीच. बाटलीचं चांदीचं सील नखाने धड निघेना, अर्धवट लोंबत होतं तसंच ओतलं, ओतून झाल्यावर दिसलं नाही ते, म्हटलं उडालं असेल वाऱ्याने.

मशीन तिसऱ्या दोरीला सुरू. काय आवाज! खाडीच्या मध्यापर्यंत रुबाबात गेलो आणि फुस्स. बंद. पाच मिनिटं थांबून दोरी ओढली की परत चालू, दोन मिनिटं पळणार, परत बंद. एकदम बंद पडली असती तर समजू शकलो असतो हो, पण ही प्रत्येक वेळी आशा दाखवायची. ओहोटी लागलेली, होडी निघाली संगमाकडे, आणि एकच वल्हं, कारण दुसऱ्यावर काकी सुकट वाळत घालते. डॉल्फिन बघायला निघालेल्या टुरिस्टांनी आमचाच व्हिडिओ काढला.

किनाऱ्यावर येईपर्यंत तज्ज्ञ मंडळी जमली होती. पहिला प्रश्न, "मशीन मुतता मा?" म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याची धार मागच्या भोकातून पडते का. पडत होती, झकास. मग स्टॉप स्विचची लाल दोरी (ती निसटली की मशीन बंद) बघितली, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला (उघडा होता, तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि अशीच दोन मिनिटांत मशीन मरते, त्यामुळे सगळ्यांनी आळीपाळीने तो पिळून बघितला). शेजारचे आबा म्हणाले, "पंपवाल्यान पेट्रोलात पाणी घातल्यान." त्यावर मी २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी कसं ओढून घेतं वगैरे लेक्चर दिलं, काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून अर्धा तास ठेवलं. तळाला पाण्याचा थेंब नाही.

"कार्ब्युरेटरात कचरो आसतलो," कुणीतरी म्हणालं. इथे मी थांबायला हवं होतं. पण नाही. काकीच्या पितळी ताटात कार्ब्युरेटर खोलला, जेट फुंकले, तांब्याच्या तारेने भोकं साफ केली, आणि एक स्प्रिंग, तुरीच्या दाण्याएवढी, टुणकन उडून वाळूत. सगळं देवबागच वाळूचं आहे! काकीची पिठाची चाळण घेऊन मी आणि आबा दीड तास अंगण चाळत होतो. सापडली. त्यानंतर त्या घरात दोन दिवस भाकरी कचकच लागत होती, तो विषय वेगळा.

जोडलं, सुरू केलं, दोन मिनिटं, फुस्स.

आता गंमत बघा. टाकी ते मशीन या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल चढवायचं. मशीन मरायची तेव्हा तो फुगा दर वेळी चपटा, खरवस खाल्लेल्या वाटीसारखा आत गेलेला. फुगा चपटा म्हणजे त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला कुठेतरी तुंबलंय, इतकं सरळ. मी ते बघत होतो आणि मशीनच्याच बाजूला बोटं घालत होतो. काकी सुकट उलटवता उलटवता म्हणाली, "नळाक पाणी इला नाय तर मी आधी टाकी बघतंय."

काकाने टाकीत बॅटरी मारली. तळाशी पेढ्यावरच्या वर्खासारखं काहीतरी चमकलं. गोल चकती, बरोब्बर नळीच्या तोंडाच्या मापाची. मशीन ओढायला लागली की ही जाऊन तोंडाला चिकटायची, मशीन मेली की ओढ संपून सुटायची, म्हणून परत चालू.

काकाने ती चिमट्याने काढून उन्हात धरली. "ह्या खंयसून इला?"

"पंपावरनंच आलं असणार," मी म्हटलं.

मग काकाने दोन दिवस पंपवाल्याच्या सात पिढ्या काढल्या आणि मी मान डोलावली. रिकामी बाटली मी रात्री गुपचूप मागच्या माडाच्या आळ्यात पुरून टाकली. सकाळी चहा पिताना बघतो तर काकी कुदळ घेऊन त्याच माडाला खत घालायला निघालेली.