अभंगातली अक्षरं मोजावीत का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबरी होती, म्हणून सवडीने उत्तर लिहितोय. "अक्षरं मोजत बसणं म्हणजे कवितेचं शवविच्छेदन. संतांनी काही बोटांवर मोजून अभंग रचले नाहीत. शाळेनेही असंच करून कविता नावडती केली," असं तुमचं म्हणणं.

संतांचं आधी घेतो. नामदेवांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात अभंगाची रचनाच सांगितली आहे. 'अक्षरें मोजावीं' असं त्यात स्वच्छ म्हटलंय. पहिल्या तीन चरणांची मिळून १८, चौथ्यासकट २२. म्हणजे ही मोजणी वारकऱ्यांच्या घरचीच. पंडितांनी मागाहून चिकटवलेली नव्हे.

आता तुकोबांचं 'सुंदर तें ध्यान' घ्या. सुंदर तें ध्यान, उभें विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां : ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. इथवर सरळ आहे. गंमत पुढच्या कडव्यात. 'तुळसीहार गळां' मोजा, सात भरतात. 'आवडे निरंतर', पुन्हा सात. तुकोबांचा हिशेब चुकला? जरा मोठ्याने म्हणून बघा. आपल्या तोंडी 'तुळ्सी' येतं, 'आव्डे' येतं. मधला 'अ' बोलता बोलता गळतो आणि सहाच उरतात. कागदावर जास्तीचं दिसणारं अक्षर कानाला खटकतच नाही. ही ओळ मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण मोजल्याशिवाय हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गोडी तसूभरही कमी झाली नाही, हेही सांगून टाकतो.

ओवीला मात्र हा हिशेब लावू नका. पसायदानाची पहिलीच ओवी ८, ८, ७, ६ अशी आहे. देवें, तोषावें, द्यावें हे यमक तीन चरणांत, आणि 'पसायदान हें' मोकळं. ज्ञानेश्वरीत अक्षरं अशीच कमीजास्त होत राहतात.

शाळेबद्दलचा तुमचा राग अगदी रास्त. 'यमाताराजभानसलगं' हे गण लक्षात ठेवायचं सूत्र घोकायचं, अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराच्या, खुणा मारायच्या, मार्क मिळवायचे आणि कविता एकदाही मोठ्याने म्हणायची नाही! पण तो राग अक्षरगणवृत्तं, म्हणजे लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमावर चालणारी वृत्तं, शिकवण्याच्या त्या तऱ्हेवर काढा, अभंगावर नको. अभंगात लघु-गुरू बघतच नाहीत.