झेल्डाने बिघडवलेली सिद्धी

जीटीए सहा पुन्हा पुढे गेला, आता थेट १९ नोव्हेंबर २०२६, आणि तिस्कच्या नाक्यावर सुतक लागलं. म्हणजे लागलं एकट्या साईशला. त्याने त्या गेमसाठी म्हणून दिवाळीतच टीव्ही बदलला होता.

"आता वर्षभर मी खेळू काय?" रस आमलेटच्या बशीत पाव बुडवत त्याने विचारलं. "रेड डेड टू नंतर दुसरं काही घशाखाली उतरत नाही मरे. मानकुराद खाल्लेल्या माणसाने तोतापुरी कशी खायची?"

"मानकुराद जूनमध्ये संपतो," सिद्धी म्हणाली. "तेव्हा तू आंबा आंबा करत रडतोस? गपचूप फणस खातोस."

साईशबद्दल थोडं सांगायला हवं. तो मांडवीतल्या कसिनोत कामाला आहे. रात्रभर लोकांचे पैसे बुडताना बघायचे आणि सकाळी घरी येऊन रेड डेडमधल्या घोड्यावर बसायचं, असा त्याचा क्रम. गेमबद्दल बोलायला त्याच्याकडे तीनच शब्द आहेत: सिनेमॅटिक, मास्टरपीस आणि फोर-के. आणि एवढं करून रेड डेड त्याने पुरा केलेलाच नाही. शेवटी घोडा मरतो हे कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून तो डोंगरात मासे पकडत बसला आहे.

"अगो, डिटेलिंग बघ," साईश पेटला. "थंडी पडली की घोड्याचं ते सुद्धा आखडतं!"

गाड्यावरच्या मामाने कालथा हवेत धरूनच मागे बघितलं.

"बघितलंस ते खूप झालं," सिद्धी म्हणाली. "त्या गेममध्ये तू केलंस काय, ते सांग. मिशन लागलं आणि दोन पावलं वाट सोडलीस की मिशन फेल. एवढं मोठं जग बांधलं आणि तुला रांगेतून चालवलं."

मी सिद्धीच्या बाजूचा आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. कुंडईच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेली असते, फालतू बोलायला तिच्याकडे वेळ नसतो.

विशांतचं दुखणं वेगळं. त्याला विचर थ्रीने बिघडवलं, २०१५ सालच्या. "तो ब्लडी बॅरन आठव. बायको-मुलगी हरवली म्हणून रडतो, आणि त्या का गेल्या हे हळूहळू कळत जातं. दया करायची की थोबाडीत मारायची तेच समजत नाही. त्यानंतर कुठल्याही गेममध्ये गाववाला येऊन 'दहा लांडगे मारून आण' म्हणाला, की मी आधी त्यालाच मारतो."

"तुमचं वय झालंय रे," रुद्रेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. तो अजून मोबाइलवरचा बीजीएमआय गेम खेळतो, त्यामुळे त्याचं मत कोणी धरत नाही. "गेम तेच आहेत. तुमचे गुडघे गेले."

"वयाचा प्रश्न असता तर ओब्रा दिन मी संपवला नसता," सिद्धी म्हणाली. "२०१८ चा गेम, जवळजवळ एका माणसाने बनवलेला, दोन रंगांत. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते आपण ओळखायचं. कोण बाण दाखवत नाही, कोण कानात सांगत नाही. पहाट झाली तरी मी वहीत नावं लिहीत होते. आता इतर डिटेक्टिव्ह गेममध्ये पुरावा पिवळा चमकायला लागला की मला माझाच अपमान झाल्यासारखा वाटतो."

"म्हणजे तू पण बिघडलीसच," साईश विजयी मुद्रेने म्हणाला.

"बिघडलेच. पण तुझ्यासारखी डोळ्यांनी नाही, हातांनी. झेल्डा बघ, ब्रेथ ऑफ द वाइल्ड, २०१७. समोर डोंगर दिसला की चढायचा. दम पुरला तर वर, नाही तर खाली. पाऊस आला की हात घसरतो. विजा चमकायला लागल्या की लोखंडी तलवार काढून ठेवायची, नाहीतर वीज आपल्यावर. आणि तीच तलवार शत्रूच्या पायाशी फेकली तर वीज त्याच्यावर. नियम एकच, सगळ्यांना लागू. यानंतर तुझ्या त्या सिनेमॅटिक गेममधला सहा फुटी हिरो कमरेएवढ्या कुंपणापुढे अडून उभा राहतो, तेव्हा मी काय करू?"

"त्यात तलवारी मोडतात," साईश म्हणाला.

"तुझा घोडा मरतो."

विशांतने बरोबर जागा पकडली. "टॉवर झेल्डातही आहेत हां. टॉवरवर चढा, नकाशा उघडा. बाकीचे तेच करतात तेव्हा तू नाक मुरडतेस."

"बाकीच्यांत टॉवर चढलास की नकाशावर शंभर चिन्हं पडतात. मग ती एकेक पुसत बसायचं. झेल्डात टॉवर चढलास की नुसते डोंगर आणि नद्या. वरून बघ, काय आवडलं तिथे तूच खूण कर. टॉवर तोच, फरक कोणाला काम दिलं त्याचा. एल्डन रिंगवाले हे शिकले २०२२ ला, म्हणून तो खेळताना मला झेल्डा आठवला नाही."

इथे मला एक सुचलं आणि मी बोललो (माझं एवढंच योगदान). रेझिडंट इव्हिल फोरने २००५ मध्ये कॅमेरा खांद्यामागे आणला, तेव्हा त्यानेही लोकांना असंच बिघडवलं असणार. पुढे सगळेच तिथून नेम धरायला लागले आणि बिघाड संपला. म्हणजे बिघडवणाऱ्या गेमचा दोष कमी, बाकीच्यांच्या आळसाचा जास्त.

"सगळ्यांचा आळस नाही," विशांत म्हणाला. "शॅडो ऑफ मॉर्डोर घे, २०१४. तुला मारणारा ऑर्क राक्षस बढती मिळवून परत येतो, तुला ओळखतो, वर टोमणे मारतो. वॉर्नर कंपनीने त्या पद्धतीचं पेटंटच घेतलं, २०२१ ला मंजूर झालं. आता कॉपी कशी करतील?"

"वा," सिद्धी म्हणाली. "चटक आपल्याला, कुलूप त्यांचं."

साईश थोडा नरमला होता. "मग सिद्धी, तुझा स्विच कन्सोल दे ना महिनाभर. झेल्डा बघतो."

"हे बघ, परत 'बघतो'. आणि तुला द्यायचा? विशांतच्या सेव्ह फाइलचं काय झालं ते गावाला माहीत आहे."

झालं. विशांतने बशी खाली ठेवली. "एवढा वेळ शोधत होतो ती सिरी आत्ताच कुठे हाताला लागली होती! याला पीएस फोर दोन दिवस दिला, तर याने माझा विचरचा सेव्ह उडवला."

"रेड डेडला जागा नव्हती मरे. शंभर जीबी लागतात."

"शंभर जीबीसाठी तू काही एमबीची फाइल उडवलीस?"

रुद्रेशने पहिल्यांदाच मोबाइल खिशात घातला. साईशला पळायला वाट नव्हती, तेव्हा तो उलटला. "आणि दिवाळीत जाळलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचा हिशेब? थीम गेमिंगची घेऊया म्हणालास, त्याच्या हातात खरा कंट्रोलर दिलास, वर्गणीतून. नरकासुर जळला तो आम्ही सगळ्यांनी बघितला. कंट्रोलर कुठे जळला?"

सगळे विशांतकडे बघायला लागले.

"वायरलेस होता रे," विशांत म्हणाला. "त्याला आग लागत नाही."