बोइंग २७०७ कधीही उडाले नाही: मामांनी पाठवलेल्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला माझ्या मामांचा एक संदेश आला. त्याखाली त्यांनी लिहिले होते, 'तू विमानांची मॉडेलं करत बसतोस, मग हे कधी सांगितलं नाहीस?' संदेशाचा मजकूर असा: बोइंगने ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाचे २७०७ हे प्रवासी विमान १९६९ मध्ये उडवले होते, एअर इंडियाने त्यातली दोन विकत घेतली होती, मुंबई ते लंडन दोन तासांत जाता येत होते, मग तेल कंपन्यांनी ते दाबले आणि विमाने गुपचूप नष्ट करण्यात आली. पुरावा म्हणून एक 'दुर्मीळ' फोटो. हाच मजकूर याआधी तीनदा माझ्याकडे येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला होता. या वेळी मात्र सोलापुरातच शिकणाऱ्या मामांच्या नातीने तो फोटो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्मोकोलवर चिकटवला असल्याचे कळले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

फोटोपासून सुरुवात करतो, कारण सगळा संदेश त्याच्यावर उभा आहे. त्यात एक पांढरे-लाल विमान धावपट्टीवर उभे आहे, पंख पसरलेले, नाक खाली झुकलेले आणि खिडक्यांभोवती एअर इंडियाचे लाल झरोखे. मोबाइलवर तो मोठा करून पाहिला, तर चाकाशेजारी पडलेला वाळूचा कण चाकाच्या निम्म्या उंचीचा दिसतो. नाक ठळक आहे आणि शेपटीपर्यंत जाताजाता सगळे धूसर होत गेले आहे. नव्वद मीटरहून लांब विमान एका चौकटीत मावेल इतक्या दूर उभे राहून फोटो काढला तर असे होत नाही, ते वीतभर अंतरावरून लहान वस्तूचा फोटो काढताना होते, म्हणजे हा फोटो एका छोट्या मॉडेलचा आहे. झरोख्यांच्या कडेला जी किंचित फुगलेली चंदेरी झाक दिसते, ती डिकॅलखाली (मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील चित्राखाली) अडकलेल्या हवेची आहे. रंग पुरेसा गुळगुळीत न करता डिकॅल चिकटवले की ती येतेच. माझ्या पहिल्या चार मॉडेलांवर ती आजही आहे.

झरोख्यांची ती रंगसंगती एअर इंडियाने १९७१ मध्ये आपल्या पहिल्या ७४७ विमानाबरोबर आणली, म्हणजे १९६९ च्या विमानावर ती असण्याचे कारण नाही. पण त्याहून मोठी गफलत पंखांची आहे. फोटोत दिसतात ते उड्डाणाच्या वेळी पसरणारे आणि वेग वाढला की मागे वळणारे पंख. याच आराखड्याच्या बळावर बोइंगने १९६६ च्या अखेरीस लॉकहीड या प्रतिस्पर्धी कंपनीला मागे टाकून अमेरिकी सरकारची निवड जिंकली होती. परंतु पंख वळवणारी यंत्रणा इतकी जड होऊ लागली की १९६८ मध्ये ती कल्पना सोडून कंपनीने स्थिर त्रिकोणी पंखांचा नवा आराखडा स्वीकारला, आणि पुढे ज्या दोन नमुना विमानांचे काम सुरू झाले ती या नव्या आराखड्याची होती. त्यामुळे पैसे मिळाले असते, विमान पूर्ण होऊन उडाले असते, तरीही ते या फोटोसारखे दिसले नसते.

आम्हा मॉडेल करणाऱ्यांना मात्र तो टाकून दिलेला आराखडाच अधिक आवडतो. मी तो बाल्साच्या लाकडात १:२०० प्रमाणात केला आहे. लांबी साधारण साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरते, आणि पंख वळवण्यासाठी आत बसवलेली पितळी पिन दोनदा निसटल्यावर ते पंख मी कायमचे चिकटवून टाकले. (बोइंगलाही शेवटी स्थिर पंखांवरच यावे लागले, एवढेच समाधान.) न उडालेल्या विमानाला कोणत्याही कंपनीचा रंग देता येतो आणि तो चुकला असे कोणी म्हणू शकत नाही, ही या छंदातली खरी मौज आहे. तेव्हा ज्याने हे मॉडेल केले त्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो त्याखाली 'दुर्मीळ फोटो' असे लिहिणाऱ्याचा.

आता एक गोष्ट, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. एअर इंडियाचे नाव त्यात अगदीच हवेतून आलेले नाही. बोइंगच्या या विमानासाठी जगभरच्या विमान कंपन्यांनी नंबर लावले होते आणि त्या यादीत एअर इंडियाच्या नावावर दोन विमाने होती. कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान ब्रिटिश-फ्रेंच प्रवासी विमानाच्या यादीतही दोन होती. पण रांगेत नंबर लावणे म्हणजे विमान विकत घेणे नव्हे, आणि विकत घेतलेले विमान उडवणे ही तर त्याच्याही पुढची पायरी झाली. सोलापूरजवळ बोरामणीच्या नव्या विमानतळासाठी जमीन घेतली गेली, नकाशे छापून आले, तरी आपल्याकडची विमाने आजही होटगी रस्त्यावरच्या जुन्या विमानतळावरच उतरतात, हे पाहणाऱ्या सोलापूरकराला तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

तेल कंपन्यांचा आरोप सर्वांत हास्यास्पद आहे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे विमान दर प्रवाशामागे साध्या जेटपेक्षा कितीतरी अधिक इंधन जाळते. आपल्या सर्वांत खादाड गिऱ्हाइकाला तेल विकणारा कशाला मारील? शिवाय हे विमान कोणी अंधारात मारलेले नाही. त्याच्या विकासाचा बहुतांश खर्च अमेरिकी सरकार करत होते, आणि तो चालू ठेवायचा की नाही यावर संसदेत उघड मतदान झाले. २४ मार्च १९७१ रोजी सिनेटने ५१ विरुद्ध ४६ मतांनी पैसे नाकारले. त्याआधी सहा दिवस प्रतिनिधिगृहानेही तेच केले होते. ही एक नोंद पाहिली की कटाची कथा तिथेच संपते.

विरोधाची कारणेही लपलेली नव्हती. खर्च वाढतच होता, आणि आवाजाचा प्रश्न सुटत नव्हता: ध्वनीपेक्षा वेगाने विमान गेले की खाली जमिनीवर मोठा धमाका, म्हणजे ध्वनिस्फोट, ऐकू येतो. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत लढाऊ विमानांकडून मुद्दाम १,२५३ ध्वनिस्फोट करवून लोक ते कितपत सहन करतात हे पाहिले गेले. खिडक्यांच्या काचा फुटल्या, तक्रारींचा आणि भरपाईच्या दाव्यांचा ढीग पडला. दिवसाला आठ वेळा आभाळ गडगडावे आणि पाऊस मात्र पडू नये, हे दुष्काळी भागातल्या माणसांनीही फार दिवस ऐकून घेतले नसते.

१९६९ मध्ये उडाले ते कॉन्कॉर्ड, २ मार्च रोजी, फ्रान्समधील तुलूझ येथे. रशियाचे तसेच वेगवान प्रवासी विमान टीयू-१४४ त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर १९६८ रोजी उडाले होते. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा त्यातलेच एक वर्ष उचलले. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि २७०७ चा नियोजित वेग ताशी २,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उड्डाण आणि उतरणे न धरताही अडीच तास होतात. त्यात बराचसा मार्ग जमिनीवरून जातो, आणि तिथे आवाजामुळे तो वेग धरताच आला नसता.

राहिला प्रश्न नष्ट केलेल्या विमानांचा. दोन्ही नमुने अर्धवट असतानाच काम थांबले. पूर्ण आकाराचे जे 'विमान' तयार होते, ती निव्वळ प्रतिकृती होती, आणि ती लपवणे तर दूरच, विकली गेली. फ्लोरिडातील किसिमी येथे एका हॉलमध्ये तिकीट लावून लोकांना दाखवण्यात आली. पुढे त्या हॉलचे चर्च झाले तरी ती काही वर्षे तिथेच होती. तिचा पुढचा भाग आता सिअ‍ॅटलच्या संग्रहालयाकडे आहे.

मामांच्या नातीला मी फोटो काढून टाकायला सांगितलेले नाही. त्याखाली 'स्केल मॉडेल' असे लिही, बाजूला सिनेटच्या मतदानाची तारीख घाल आणि हवे तर माझे मॉडेल टेबलावर ठेवायला घेऊन जा, एवढेच सुचवले आहे. फक्त ते पंखाला धरून उचलू नये.