फिग्मातून थेट प्ले स्टोअरवर? जरा थांबा

"डिझाइन फिग्मात काढा, एआयला द्या, ॲप तयार! कोटलिन-स्विफ्ट शिकण्यात वर्ष वाया घालवू नका." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (फिग्मा म्हणजे स्क्रीनचं डिझाइन काढायचं साधन, कोटलिन आणि स्विफ्ट म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप लिहायच्या भाषा.) खाली पाच मुद्दे आणि प्रत्येकापुढे रॉकेट. भाचीला तो तिघांनी पाठवला आणि तिने कोटलिनचा अभ्यास अर्ध्यात सोडला. "मामा, आता कशाला शिकायचं?" एरवी असल्या फॉरवर्डकडे मी ढुंकूनही बघत नाही, पण या वेळी उत्तर देणं भाग आहे.

मुद्दा पहिला: "इंटरफेस म्हणजे स्क्रीन कशी दिसते, बस." सगळी गोची इथेच आहे. साधा फॉर्म घ्या. नाव, पत्ता भरला आणि फोन आडवा केला. अँड्रॉइड अशा वेळी मुळात ॲक्टिव्हिटी, म्हणजे समोरची स्क्रीन, मोडून नव्याने उभी करतं. जेटपॅक कंपोझमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बनवायचं गूगलचं साधन) भरलेली माहिती नुसत्या 'रिमेंबर'मध्ये ठेवली असेल तर ती गेली. 'रिमेंबरसेव्हेबल'मध्ये असेल तर टिकते. स्क्रीनची माहिती सांभाळणारं व्ह्यूमॉडेल फोन फिरवला तरी तग धरतं, पण ॲप मागे असताना सिस्टीमने मेमरीसाठी प्रोसेसच, म्हणजे चालू ॲपच, मारली तर तेही जातं. हे माझं मत नाही. अँड्रॉइडच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये यावर अख्खं पान आहे आणि कुठे ठेवलेलं काय टिकतं याचा तक्ताही आहे. तो वाचला असता तर मेसेजवाल्याचा निम्मा उत्साह तिथेच मावळला असता. वाचायचं नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा, अर्धा फॉर्म भरा, होम दाबा आणि परत या. बघा काय शिल्लक राहतं.

फिग्माच्या चित्रात हे कुठेच दिसत नाही. नेट गेलं तर काय, यादी रिकामी असेल तर काय, हेही कुणीतरी मुद्दाम काढल्याशिवाय दिसत नाही. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. चित्रावरून बनवलेल्या कोडमध्ये मजकुराच्या चौकटीची उंची ठोकून बसवलेली असली, की वेलांट्या, रफार, उकार छाटले जाऊ शकतात. आयकॉनच्या बटणाला वर्णन दिलं नसेल, तर टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्या अंध माणसाला ते बटण कशाचं हेच कळत नाही. आणि मेसेज म्हणतो, "ॲक्सेसिबिलिटी नंतर बघू." नंतर म्हणजे कधी?

"एक्सएमएल मेलं, आता कंपोझ." एक्सएमएल म्हणजे अँड्रॉइडची स्क्रीन मांडायची जुनी पद्धत. बरं, हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. कंपोझ १.० जुलै २०२१ मध्ये आलं, गूगल स्वतः नव्या इंटरफेससाठी तेच सुचवतं आणि आज कोरं ॲप सुरू केलं तर मीही एक्सएमएलला हात लावणार नाही. पण नोकरीत कोरं ॲप क्वचित मिळतं. जुन्या लेआउटमध्ये कंपोझव्ह्यू बसवायचा, कंपोझमध्ये अँड्रॉइडव्ह्यू घ्यायचा, म्हणजे जुनं आणि नवं एकमेकांत बसवायचं, असंच काम जास्त. आणि महाशय, कंपोझ लिहायचं कशात? कोटलिनमध्येच ना? वरच्या ओळीत तीच शिकू नका म्हणालात!

"एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा." एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवणारी फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह, दोन्ही चांगली हत्यारं आहेत, माझं काही भांडण नाही. पण ब्लूटूथ किंवा बॅकग्राउंडचं काम आलं आणि तयार प्लगइन (फोनच्या सोयींशी जोडणारा तयार कोड) अडलं, की कोटलिन-स्विफ्टच्या दारात उभं राहावंच लागतं. राहायची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडल्याचं जाहीर केलं, त्याची कारणं त्यांनी सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळ्यांना लागू नाहीत, पण वाचा.

शेवटचा, "टेस्टही एआयच लिहील." टेस्ट म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड. लिहील की. ज्या कोडमध्ये चूक आहे तोच वाचून लिहील, आणि चुकीलाच अपेक्षित उत्तर धरून सगळ्या टेस्ट हिरव्या दाखवील. ते ओळखायला कोड वाचता यावा लागतो.